दाटलेले परडे आणि पहिल्या दहा कोंबड्या

कोकणातील बंद घर उघडून पुन्हा गावी राहू लागलेल्या कुटुंबांचा पहिला बेत बहुधा मागील परड्यात चार कोंबड्या पाळण्याचा असतो, आणि त्याची सुरुवात हमखास चुकीच्या टोकाकडून होते. पिल्ले आधी येतात, डालग्याखाली झाकली जातात आणि मग माणसे कोयता शोधू लागतात. क्रम याच्या बरोबर उलटा हवा: आधी जमीन, मग खुराडे आणि सर्वांत शेवटी पिल्ले. दोन गुंठ्यांचे परडे आणि दहा कोंबड्या असा हिशेब धरला, तर हे तीन महिन्यांचे काम आहे.

साफसफाईला तुळशीच्या लग्नाचा सुमार सर्वांत योग्य असतो. पाऊस थांबलेला असतो, तरी मातीत ओल शिल्लक असल्यामुळे मुळे सहज सुटतात. शिवाय रानमोडी या तणाला अजून बी धरलेले नसते. हीच रानमोडी फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडायला घेतली, तर तिचे म्हातारीसारखे उडणारे बी आपणच सगळ्या परड्यात पेरतो.

कोयता चालवण्यापूर्वी सापांचा विचार करावा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या जांभ्या जमिनीत फुरसे सर्रास आढळते. ते जेमतेम हात-दीड हात लांबीचे, मातीच्याच रंगाचे असते आणि दगडाखाली किंवा पातेऱ्यात बसलेले डोळ्यांना दिसत नाही. गुडघ्यापर्यंतचे गमबूट घालावेत, लांब काठीने झुडूप आधी बडवून घ्यावे, दगड हाताने न उचलता पहारीने उलथावा आणि एकट्याने काम करू नये. दंश झालाच, तर आवळून बांधणे, कापणे किंवा मांत्रिकाकडे जाणे यांत वेळ न घालवता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून तडक रुग्णालय गाठावे. सगळे एकदम पेटवून देण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्यात शेजारची काजूची बाग जळण्याचा धोका असतो आणि मुळे मात्र जमिनीत जिवंत राहतात.

खरा वेळ घाणेरी खाते. ती वरून छाटली, तर पावसाळ्यात दुप्पट जोमाने फुटते, कारण नवे फुटवे खोड आणि मूळ यांच्या सांध्यापासून येतात. म्हणून भोवतालची माती कुदळीने मोकळी करून, सांध्याच्या दोन-तीन बोटे खाली मुख्य मूळ तोडावे, संपूर्ण झुडूप उपटून मुळे वर आणि फांद्या खाली असे उलटे टाकावे. उलटे टाकण्याने मुळांना पुन्हा माती मिळत नाही आणि ती उन्हात वाळून जातात. माझ्या अनुभवाने एका माणसाच्या हातून दिवसाला वीस-पंचवीस मोठी झुडपे निघतात. त्याहून अधिक निघाली असे कोणी सांगितले, तर ती छाटलेली असतात, काढलेली नव्हेत. धोतरा, कण्हेर आणि एरंड ही विषारी झाडेही मुळासकट काढावीत. मोठ्या झाडांना मात्र हात लावू नये. त्यांची सावली कोंबड्यांना लागतेच, शिवाय आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ यांसारखी झाडे महाराष्ट्रातील 1964 च्या झाडतोड कायद्याच्या सूचीत असल्यामुळे ती स्वतःच्या जमिनीतही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

परडे अंगणासारखे चोपून काढणे ही आणखी एक चूक. कोंबडीचे पूर्वज रानाच्या कडेच्या झुडपांत वावरणारे पक्षी होते, आणि आजची कोंबडीही डोक्यावर शिक्रा घिरट्या घालू लागला की पहिल्यांदा आडोसाच शोधते. करवंदीची दोन-तीन जाळी परड्याच्या मध्यावर राखावीत. खुराड्याभोवतीचा सहा-आठ फुटांचा पट्टा तेवढा मोकळा ठेवावा, म्हणजे शिकारी जनावराला लपून जवळ येता येणार नाही.

तण निघाल्यावर जुन्या घराचा कचरा उघडा पडतो: काचा, ब्लेडची पाती, खिळे, तारांचे तुकडे. कोंबडी चकाकणारी वस्तू टिपते आणि तिच्या पोटात शिरलेली तार सहसा बाहेर येत नाही. जुन्या स्पीकरचे लोहचुंबक सुतळीला बांधून मी परडे आडवे-उभे ओढून काढले, तेव्हा निम्मे घमेले खिळे निघाले. काचांना हा उपाय चालत नाही. त्या सकाळच्या तिरप्या उन्हात चमकतात, तेव्हा वेचाव्यात. गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, मोठ्या फटी याच वेळी दगड ठोकून बुजवाव्यात, कारण मुंगूस तेथूनच ये-जा करते.

दहा पक्ष्यांसाठी सहा फूट बाय चार फुटांचे खुराडे पुरते. त्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे दुपारचे ऊन आत शिरत नाही, आणि जमिनीपासून ते दोन फूट उंच जांभ्या चिऱ्यांच्या खांबांवर उभारावे. आमच्याकडचा पाऊस सरळ न पडता नैर्ऋत्येकडून झोडपतो, त्यामुळे पागोळी भिंतीपासून किमान दोन फूट पुढे हवी आणि पश्चिमेच्या बाजूला गुंडाळता येणारा पडदा हवा. फळ्यांच्या जमिनीवर भाताचे तूस तीन इंच पसरावे. ते मुठीत दाबल्यावर गोळा झाले, तर ओल वाढली असे समजून वर-खाली करावे आणि थोडा चुना मिसळावा. मूठ उघडताच ते सुटून पडले, तर ठीक आहे. बसायला दोन इंच जाडीच्या दांड्या कमी-जास्त उंचीवर लावाव्यात आणि दर पक्ष्यामागे आठ-नऊ इंच जागा धरावी. अंडी घालण्यासाठी एक फूट लांबी, रुंदी आणि उंचीच्या तीन पेट्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवाव्यात.

जाळीच्या बाबतीत काटकसर करू नये. पहिल्या वर्षी मी षट्कोनी घरांची पातळ कोंबडीजाळी लावली आणि मार्गशीर्षातल्या एका रात्री उदमांजराने ती खालच्या कोपऱ्यातून उसवून सात तलंगा, म्हणजे अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, मारल्या. खाल्ली मात्र एकच. ती जाळी कोंबड्या आत ठेवण्यापुरती असते, जनावर बाहेर ठेवण्यासाठी नव्हे. अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे तारा सांध्यांवर जोडलेली, जाळी महाग पडते, पण तीच लावावी आणि दाराला कडीबरोबर खिट्टीही बसवावी. दिवसा मुंगूस, रात्री उदमांजर आणि रानमांजर, तर अंड्यांसाठी साप अशी ही पाळी असते. त्यांना विष घालणे किंवा फासे लावणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा मजबूत खुराडे हाच मार्ग उरतो.

आता पिल्ले. नवख्या माणसाने एक दिवसाची पिल्ले घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांना पहिल्या आठवड्यात सुमारे 35 अंश सेल्सिअस ऊब लागते आणि ती पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी उतरवावी लागते. वीज गेली की सगळी पिल्ले एकमेकांवर चढून गुदमरतात. त्याऐवजी महिन्याची, लसीकरण झालेली पिल्ले घ्यावीत. गिरिराज आणि वनराज या सुधारित जाती परसात चांगल्या फिरतात; कडकनाथाचे कौतुक पुष्कळ होते, पण तो अंडी कमी देतो. पशुसंवर्धन खात्याची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथे आहेत. कोकणाला कोल्हापूर सोयीचे. लासोटा, म्हणजे मानमोडी या रोगाची पहिली लस, आणि गंबोरो या रोगाची लस दिल्याची तारीख लिहून घ्यावी, आणि आठव्या आठवड्यात मानमोडीची दुसरी लस, म्हणजे आर-टू-बी, पशुवैद्यकीय दवाखान्यातून टोचून घ्यावी. अचानक एकामागून एक पक्षी मरू लागले, तर मेलेल्यांना उघड्या हाताने शिवू नये आणि त्याच दिवशी दवाखान्यात कळवावे. 2006 साली देशातील पहिला बर्ड फ्लू आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात आढळला होता.

नवी पिल्ले पहिला आठवडाभर खुराड्यातच कोंडून ठेवावीत, म्हणजे ते घर त्यांच्या अंगवळणी पडते. नंतर ती संध्याकाळी आपोआप परततात. पूर्ण वाढलेल्या कोंबडीला दिवसाला 110 ते 120 ग्रॅम खाद्य आणि पाव लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात पाणी दुप्पट. परड्यातले किडे आणि कोवळे तण त्यात भर घालतात, पण खाद्य त्यावर सोडता येत नाही. अंड्याच्या टरफलासाठी तिसऱ्यांच्या शिंपा भाजून, कुटून वेगळ्या भांड्यात ठेवाव्यात. नुसती अंडी हवी असतील, तर कोंबड्याची गरज नाही. पिल्ले हवी असतील, तर आठ-दहा कोंबड्यांमागे एक पुरतो.

फेब्रुवारीच्या अखेरीस आणलेली महिन्याची पिल्ले ऑगस्टच्या सुमारास अंड्यावर येतात, म्हणजे नेमकी श्रावणात, जेव्हा अनेक घरांत अंडे फोडले जात नाही. त्या दिवसांत जमणारी अंडी कोंबड्याच्या पहाटेच्या आरवण्याने ज्यांची झोप मोडते, त्या शेजाऱ्यांकडे पोचवण्याची सोय आधीच लावून ठेवावी. अर्थात तेही श्रावण पाळत नसतील तर.