परदेशी सेवेला निघण्याआधी दवाखाना कसा सोपवाल

आफ्रिकेत दोन महिने सेवा द्यायला निघालेला डॉक्टर बॅग भरायला महिना घेतो आणि दवाखाना सोपवायला एक संध्याकाळ. घोळ होतो तो इथेच.

सहा आठवडे आधी केसपेपर काढून बसा. बीपीच्या एका गोळीवर स्थिर असलेल्यांना दोन महिन्यांची चिठ्ठी पुरते. वेगळे काढायचे ते इन्सुलिनवाले, फिट्सवाले, वॉर्फरिनवाले (रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीवरचे) आणि अंथरुणाला खिळलेले. वॉर्फरिनच्या पेशंटचा आयएनआर (रक्त किती उशिरा गोठतं ते दाखवणारी तपासणी) निघण्याच्या आठवड्यात करून घ्या, आणि मागचे तीन आकडे डोससकट लिहून द्या. केसपेपरवर लाल शाईने 'वॉर्फरिन' लिहाच. नाहीतर बदली डॉक्टर जुलाबावर मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक देतो, आयएनआर चढतो आणि हिरड्यांतून रक्त यायला लागतं.

घरच्या पेशंटला लघवीची नळी असेल तर लॅटेक्सची २ ते ४ आठवड्यांत बदलावी लागते, सिलिकॉनची १२ आठवड्यांपर्यंत चालते. म्हणून निघताना सिलिकॉनचीच घाला. नळीचा नंबर, ती आत धरून ठेवणाऱ्या फुग्यात किती मिली पाणी भरलंय आणि तारीख कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा. ऑक्सिजन मशीनवरच्या पेशंटकडे भरलेला सिलिंडर हवाच, वीज गेली की मशीन बंद. बी टाइपच्या सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर ऑक्सिजन मावतो, म्हणजे मिनिटाला २ लिटरने जेमतेम १२ तास. घरच्यांना स्पॅनर फिरवून रेग्युलेटर बसवायला तुमच्या समोर शिकवा. नुसतं तोंडी सांगितलेलं रात्री दोन वाजता आठवत नाही.

बदली डॉक्टर त्याच बाजूचा शोधा. ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या पेशंटसाठी वाशीचा डॉक्टर कितीही हुशार असला तरी संध्याकाळच्या कोंडीत पोचणार कधी? त्याने स्वतःच्या लेटरहेडवर, स्वतःच्या नोंदणी क्रमांकाने लिहावं. सही केलेले कोरे कागद कंपाउंडरकडे ठेवून जाऊ नका.

पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी, मान्यताप्राप्त केंद्रातच. प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून लागू होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. परतताना ते नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात जावं लागू शकतं. हिवतापासाठी डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ रोज, १-२ दिवस आधीपासून ते परतल्यावर चार आठवड्यांपर्यंत. हा शेवटचा महिना बहुतेक डॉक्टर स्वतःच विसरतात. दवाखान्यात साठलेली औषधांची सॅम्पलं दान म्हणून नेऊ नका. दिलेल्या औषधाला किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे. ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी तर अनेक देशांत नियंत्रित आहे, वाटेतल्या विमानतळावरसुद्धा अडकाल.

परतल्यावर तीन महिन्यांत ताप आला तर ठाण्यातला व्हायरल म्हणून पॅरासिटामॉल घेऊन ओपीडीला बसू नका. त्याच दिवशी मलेरियाचा स्मीअर (काचपट्टीवर रक्त पसरून केलेली तपासणी) करा, लॅबला कुठून आलात ते सांगा, आणि निगेटिव्ह आला तरी १२ ते २४ तासांनी पुन्हा, असे एकूण तीन वेळा रक्त द्या.