ठाण्याच्या फ्लॅटमध्ये मोठा साप पाळण्यापूर्वी

अजगराच्या कुळातला साप हातावर घेतला की प्रथम जाणवते ते त्याचे वजन आणि मग त्या वजनाची संथ, एकेका स्नायूतून सरकणारी हालचाल. विष नाही, आवाज नाही. आकार मात्र असा की घरी आलेला पाहुणा बोलता बोलता थबकतो. ही ओढ समजण्यासारखी आहे, परंतु ती पुरी करण्याचा क्रम चुकवू नये.

प्रथम कायदा पाहावा. येऊरच्या पायथ्याशी किंवा घोडबंदर रस्त्यालगतच्या सोसायटीत निघणारा भारतीय अजगर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला पकडून घरात ठेवणे हा गुन्हा आहे, आणि धामण व मांडूळ यांनाही कायद्याचे संरक्षण आहे. असा साप दिसल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. बॉल पायथन, बोआ यांसारख्या परदेशी जातींची मात्र २०२४ च्या नियमांनुसार, प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. ‘कागद नंतर देतो’ म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून तसेच परत फिरावे.

रेटिक्युलेटेड पायथन सहा मीटरच्याही पुढे वाढू शकतो, त्यामुळे टू बीएचकेत त्याचा विचारच नको. दोन-तीन मीटरचा बोआ पुरेसा भारदस्त दिसतो, तरी नवख्याने साधारण दीड मीटरपर्यंत वाढणाऱ्या बॉल पायथनपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे.

माझा खरा आग्रह पेटीबद्दल आहे. चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि कुलूप लागेल अशी पेटी आणून, एका टोकाला सुमारे ३२ व दुसऱ्या टोकाला २६ अंश तापमान थर्मोस्टॅटने राखून, ती साप आणण्यापूर्वी एक अख्खा मे महिना आणि एक अख्खा जुलै महिना रिकामी चालवून पाहावी. परदेशी पुस्तके आर्द्रता वाढवायला शिकवतात, कारण तिथली घरे कोरडी असतात. आपल्याकडे पावसाळ्यात ती उतरवण्याचीच खटपट करावी लागते, नाहीतर बुरशी, खवले सडणे आणि श्वसनाचे आजार मागे लागतात. मे महिन्यात बंद फ्लॅट तापला की थंड टोक थंड राहतच नाही. तेव्हा एसीचे बिल परवडेल का, हे त्या रिकाम्या पेटीवरच कळते.

पूर्ण वाढलेल्या बॉल पायथनला दोन ते चार आठवड्यांतून एकदा, गोठवून नीट वितळवलेला उंदीर पुरतो. तो घरच्या फ्रीजमध्ये कोणत्या कप्प्यात राहील, याचा निकाल आधीच लावावा; कितीतरी हौशी इथेच संपतात. खाल्ल्यावर ४८ तास सापाला हात लावू नये, आणि तीन मीटरचा साप एकट्याने कधीच हाताळू नये.

हा प्राणी २० ते ३० वर्षे जगतो. नोकरीसाठी गाव सोडावे लागल्यास तो कोणाकडे जाईल, हे त्या व्यक्तीशी बोलून आजच ठरवावे, कारण येऊरच्या जंगलात नेऊन सोडणे हा पर्याय नाही.