ड्रम ब्रेक: नट आवळण्याआधी या चुका टाळा

यवतेश्वरचा घाट उतरताना वडिलांच्या प्रिया स्कूटरचा मागचा ब्रेक हळूहळू खाली जायला लागला. समर्थ मंदिरापाशी आलो तोवर पॅडल जवळपास तळाला टेकलं होतं. त्याच सकाळी गॅरेजमध्ये केबल आवळून घेतली होती, त्यामुळे मी निर्धास्त होतो. पण ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारं ब्रेकचं गोल भांडं, कुणी उघडलंच नव्हतं.

१९७५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या साताऱ्यातल्या कारखान्यात प्रिया बनायची. तिच्यासारखीच जुनी चेतक, सीडी हंड्रेड, सुरुवातीच्या स्प्लेंडर अजून लोकांनी जपून ठेवल्या आहेत. त्यांचे ब्रेक साधे आहेत आणि नीट राखले तर आपल्या घाटांनाही पुरतात.

नुसता नट आवळत राहणं

सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात घातक चूक हीच. ड्रमच्या आत दोन शू, म्हणजे अर्धगोल पट्ट्या असतात, त्यांच्या एका टोकाला पिन आणि दुसऱ्या टोकाला कॅम, म्हणजे फिरला की शूंना ढकलणारा चपटा तुकडा. पॅडल दाबलं की त्याला जोडलेल्या रॉडने किंवा केबलने ओढलेला बाहेरचा आर्म कॅमला फिरवतो आणि कॅम शूंना फाकवून ड्रमला टेकवतो. शूवरचा घासणारा थर, म्हणजे लायनर झिजत जातो तसं कॅमला जास्त फिरावं लागतं. रॉडच्या किंवा केबलच्या टोकाचा नट आवळून आपण तेवढी कसर भरून काढतो. इथवर ठीक. पण ब्रेक पूर्ण दाबलेला असताना रॉड आणि आर्म यांच्यातला कोन ९० अंशांच्या पुढे गेला, की पायाचा जोर तेवढाच असूनही शूवर दाब कमी पडतो. कुणाला तरी पॅडल दाबून धरायला सांगा आणि बाजूने बघा, लगेच कळतं. स्प्लेंडरसारख्या गाड्यांना आर्मजवळ बाण असतो. ब्रेक दाबल्यावर तो प्लेटवरच्या खुणेला भिडला, म्हणजे शू बदलायची वेळ झाली.

काही जण यावरही तोड काढतात. आर्म कॅमच्या दातेरी शाफ्टवरून उपसून एक दात मागे बसवतात. ब्रेक पुन्हा वर येतो, मालक खूश होतो. हे कधीही करू देऊ नका. बाणाची खूण खोटी ठरते, लायनर संपून धातू ड्रमला घासतो, आणि कॅम प्रमाणाबाहेर फिरला तर शू फाकलेलेच राहून धावत्या गाडीचं चाक जाम होऊ शकतं. लायनर २ मिमीच्या आसपास आला की दोन्ही शू एकत्रच बदला, स्प्रिंगही नव्या घाला.

गरम ब्रेक सेट करणं, टाइट ठेवणं

घाट उतरून आल्याआल्या नट फिरवू नका. तापलेला ड्रम फुगलेला असतो. तेव्हा बेताचा वाटणारा प्ले (ब्रेक लागण्याआधीची पॅडलची मोकळी हालचाल) ड्रम थंड झाल्यावर उरत नाही आणि शू घासत राहतात. मोटरसायकलला मागच्या पॅडलला साधारण २० ते ३० मिमी आणि पुढच्या लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिमी मोकळा प्ले हवा. आधी चेन सेट करा, मग ब्रेक. कारण चाक मागे सरकलं की रॉडचा प्ले बदलतो. शेवटी मेन स्टँडवर चाक हाताने फिरवून बघा. दोन-तीन किलोमीटर ब्रेक न वापरता गेल्यावरही ड्रमला हात लावता येत नसेल, तर ब्रेक टाइट आहे.

माझ्या प्रियाचं हेच झालं होतं. दुसऱ्या दिवशी ड्रम उघडला तर लायनर काचेसारखा चकचकीत, आणि एका कडेला गिअर ऑइलचा ओलावा.

ऑइल सील विसरणं

अशा स्कूटरच्या मागच्या ड्रममागे एक्सलचं ऑइल सील असतं. ते गेलं की गिअरबॉक्समधलं ऑइल थेट शूवर येतं. सील तसंच ठेवून नवे शू टाकले, तर पैसे वाया. ऑइल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुऊन सुधारत नाही, तो टाकूनच द्या. पॉलिश पेपर मारून फायदा होतो तो फक्त कोरड्या, वरवर चकाकलेल्या लायनरला. ड्रम परत बसवताना एक्सलच्या नटची स्प्लिट पिन नवीनच घाला.

ग्रीसचंही तसंच. कॅम आणि पिनवर उष्णता सोसणारं ग्रीस बोटाच्या टोकाएवढं पुरतं. अजिबात नसेल तर कॅम चिकटतो, जास्त झालं तर वितळून लायनरवर उतरतं.

हवा मारून धूळ उडवणं

जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली की तिथेच राहते. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तोंडाने फुंकू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका. गॅरेजमधल्या पोराला हे काम कुणी सांगत असेल, तर त्यालाही थांबवा.

जीप किंवा अ‍ॅम्बेसेडर असेल तर नियम थोडे वेगळे, कारण त्यांचे ब्रेक रॉडने नाही, ब्रेक ऑइलच्या दाबाने चालतात. पॅडल पहिल्यांदा खोल जातं आणि दुसऱ्या पंपला वर येतं, तर बहुधा शूंचं अ‍ॅडजस्टमेंट हवं. स्पंजासारखं दबतं, तर ऑइलच्या लाइनमध्ये हवा आहे. हँडब्रेकची केबल आधी सैल करा, शू सेट झाल्यावरच ती आवळा. आणि ड्रम उतरवलेला असताना पॅडलला पाय लावू नका. शूंना ढकलणारे व्हील सिलिंडरचे पिस्टन बाहेर येतात.

पसरणी किंवा केळघरचा घाट उतरताना ब्रेक मऊ पडायला लागला, तर खालचा गिअर टाका आणि जागा मिळताच कडेला थांबा. प्रियासारख्या टू-स्ट्रोकमध्ये इंजिनचं ऑइल पेट्रोलबरोबरच येतं, म्हणून लांब उतारावर मधूनमधून थोडा थ्रॉटल द्या. तापलेल्या ड्रमवर बाटलीतलं पाणी ओतू नका, तडा जाऊ शकतो. अर्धा तास सावलीत थांबा, आणि घरी पोचल्यावर नटाला हात लावण्याआधी ड्रम उघडा.