गिरगाव ते मढ आणि परत: सायकलवर एक दिवस

माझं वय ५४, मुक्काम गिरगावातल्या चाळीत. सायकल भाच्याची, तो नोकरीला परदेशी गेला आणि ती जिन्याखाली धूळ खात पडली होती. गेली चार वर्षं थंडीतल्या एखाद्या रविवारी मी तिच्यावरून मालाडपलीकडे समुद्रकाठी असलेल्या मढला जाऊन येते. सगळं मिळून साधारण ७५ किलोमीटर होतात. कुणी विचारलं की हेच सांगते.

वाटेत मलबार हिल, वांद्रे, पाली हिल, जुहू, म्हणजे मुंबईतले महागातले महाग पत्ते. तिथे झाडांची सावली भरपूर, पण सायकलवाल्याला लागतं ते सहसा मिळत नाही. पंक्चरवाला नाही, नळ नाही, कटिंग चहा नाही. हे सगळं सापडतं मधल्या कोळीवाड्यांत आणि बाजारांत. म्हणून मी थांबे त्यांच्यावरूनच ठरवते: वरळी, माहीम, खार दांडा, वेसावे.

सकाळी साडेपाचला निघा. डिसेंबरात तेव्हा अंधारच असतो, पुढे-मागे दिवा हवा. लवकर निघायचं दुसरं कारण वारा. दुपारी समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो. उत्तरेला जाणं त्याआधी उरकलं की येताना तोच पाठीवर घेता येतो.

चौपाटीवरून वाळकेश्वरचा चढ लागतो. गिअर चढ सुरू होण्याआधीच हलका करा, अर्ध्यात बदललात तर चेन कुरकुरते आणि कधी निसटतेही. सायकल बिनगिअरची असेल तर सरळ उतरून ढकला. तिथे फिरायला येणारी मंडळी आपल्याकडे बघत नाहीत, कुत्र्यांना आवरण्यात गुंतलेली असतात. हँगिंग गार्डनपासून केम्प्स कॉर्नरला उतरताना दोन्ही ब्रेक दाबत-सोडत या. पुढे पेडर रोड, हाजीअली, वरळी सी-फेस. सी-लिंकवर सायकलला बंदी आहे, तेव्हा प्रभादेवी, शिवाजी पार्क, माहीम असंच जायचं. दादरला दोन इडल्या खा. मिसळ नको, पुढे तहान छळते. बायकांनी उडुपी हॉटेलातच बाथरूमला जाऊन घ्यावं. वांद्र्यात शोधत बसावं लागतं.

माहीमचा कॉजवे १८४५ साली लेडी जमशेटजींच्या पैशातून झाला. त्या श्रीमंत बाईंचे मी मनातल्या मनात आभार मानते, आणि बसच्या मागे न जाता डाव्या कडेने पलीकडे जाते. बँडस्टँडला नटांच्या बंगल्यांसमोर फोटो काढणारे मागे न बघता रस्त्यात येतात. घंटी वाजवत राहा.

आता पाली हिलची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी तिथे मागचं चाक बसलं. गेटवरचा वॉचमन पोलादपूरकडचा निघाला. "मावशी, इथे कुठला पंक्चरवाला? खाली दांड्यात जा," म्हणाला आणि माझी बाटली आतून भरून आणून दिली. ढकलत दांड्यात गेले. पंक्चरवाल्याने परातीत ट्यूब बुडवून भोक शोधलं, घासलं, सोल्युशन लावून ठिगळ चिकटवलं. सगळं दहा मिनिटांत. मग पंप लावायला गेला तर बसेना. "ताई, या विलायती नाकात आपली हवा जात नाही."

तर आधी तुमच्या चाकाचा व्हॉल्व्ह बघा. पेन्सिलीसारखा बारीक आणि टोकाला छोटा स्क्रू असेल तर तो प्रेस्टा. त्यावर चढणारी पितळी टोपी मिळते, करंगळीच्या पेराएवढी. ती लावली की स्कूटरचा पंपही चालतो. माझी आता किल्ल्यांच्या जुडग्यातच असते.

दांड्यातून लिंकिंग रोड, जुहू तारा, सात बंगले करत वेसाव्याच्या जेट्टीवर. मढच्या बोटीत चढताना सायकल डाव्या खांद्यावर घेऊ नका, चेन उजवीकडे असते, ती अंगाला लागते. माझा एक पांढरा कुर्ता त्यात गेला. बोट हलली की सायकल चालू लागते, म्हणून पुढच्या ब्रेकची मूठ दाबून तिला केसांचं रबर गुंडाळा. भाड्याला सुटे पैसे ठेवा.

मढपासून मार्वेपर्यंतचा रस्ता मोकळा, एका बाजूला बंगले, एका बाजूला सुकत घातलेली मासळी. वाटेत अक्साचा किनारा दिसला तरी पाण्यात उतरू नका, तिथे माणसं बुडतात. परतीला मालाडहून एस. व्ही. रोड. गर्दीचा आणि कंटाळवाणा आहे, पण पंक्चरवाले भरपूर.

घरी आल्यावर लगेच आडवं व्हावंसं वाटतं. त्याआधी चेन ओल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने, आणि दोन-चार थेंब तेल सोडून पेडल उलटं फिरवा. खारा वारा लागलेली चेन तशीच ठेवली तर गंज धरते. मी हे जिन्याखाली बसूनच करते. वर गेले की पुन्हा खाली उतरणं होत नाही.