गाडीच्या जीपीएससाठी ‘लाइफटाइम’ नकाशे घ्यावेत का? निर्णय कसा करावा

नवी गाडी घेताना किंवा जुन्या गाडीचे सर्व्हिसिंग करून घेताना ‘लाइफटाइम मॅप अपडेट’चे पॅकेज ग्राहकापुढे ठेवले जाते. गाडीच्या किमतीच्या मानाने रक्कम किरकोळ दिसत असल्यामुळे काही जण लगेच होकार देतात, तर काही जण हातात मोबाइल असताना याची गरजच काय, असे म्हणून विषय संपवतात. गोव्यासारख्या राज्यात, जिथे गेल्या काही वर्षांत मोठे पूल, वळणरस्ते आणि एक नवा विमानतळ झाला, तिथे हा निर्णय अंदाजाने न करता थोडी तपासणी करून करता येतो आणि त्यासाठी घराच्या अंगणात उभी असलेली गाडी पुरते.

आधी यंत्र कोणते ते पाहा

फोन गाडीशी न जोडता पडदा सुरू करावा आणि त्यात नकाशा उघडतो का ते पाहावे. उघडत नसेल, तर तो पडदा अँड्रॉइड ऑटो किंवा ॲपल कारप्लेच्या मार्फत केवळ फोनवरचा नकाशा दाखवतो. त्याला स्वतःचा नकाशा नाही, म्हणून अपडेटसाठी पैसे देण्याचा प्रश्न उरत नाही. नकाशा उघडत असेल, तर तो गाडीतच, बहुधा अंतर्गत मेमरीत किंवा एसडी कार्डवर साठवलेला असतो. काचेला चिकटवायच्या स्वतंत्र जीपीएसचेही तसेच. अशा यंत्राच्या सेटिंग्जमध्ये नकाशाची आवृत्ती आणि तिचे वर्ष किंवा तिमाही दिलेली असते. ती लिहून ठेवावी, पुढे लागेल.

‘लाइफटाइम’ म्हणजे कोणाचा

ग्राहक हा शब्द स्वतःच्या किंवा निदान गाडीच्या आयुष्याशी जोडतो. अटींमध्ये मात्र त्याचा अर्थ बहुतेक वेळा यंत्राचे उपयुक्त आयुष्य असा असतो, आणि ते कधी संपले हे कंपनी ठरवते. गार्मिन या जीपीएस यंत्रे बनवणाऱ्या कंपनीच्या अटींनुसार नकाशाचा डेटा पुरवठादाराकडून मिळेनासा झाला किंवा यंत्राची तांत्रिक क्षमता अपुरी पडू लागली, तर अपडेट थांबू शकतात. टॉमटॉम या अशाच दुसऱ्या कंपनीने २०१८ मध्ये आपल्या काही जुन्या यंत्रांसाठी नकाशे देणे बंद केले, तेव्हा लाइफटाइम नकाशे असलेले ग्राहकही त्यातून सुटले नाहीत. म्हणून विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर न विसंबता अटींमधील तीन गोष्टी स्वतः वाचाव्यात: आयुष्याची व्याख्या, वर्षातून किती अपडेट मिळणार, आणि गाडी किंवा यंत्र विकल्यावर हक्क नव्या मालकाकडे जातो की नाही. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा नकारार्थी असते.

नकाशाचे खरे वय गोव्याच्या रस्त्यांवरून काढा

आवृत्तीवर छापलेले वर्ष आणि त्यातील माहितीचे वर्ष एकच असेल असे नाही, कारण रस्त्याची मोजणी, पडताळणी आणि प्रत्यक्ष वितरण यांत बराच काळ जातो. कंपनी आपल्या भागाकडे किती लक्ष देते, हे कळण्याचा माझ्या मते एकच भरवशाचा मार्ग आहे: कधी सुरू झाले ते ठाऊक असलेले रस्ते नकाशात शोधणे. गोवेकरांच्या हाताशी अशा खुणा भरपूर आहेत. पणजीतील मांडवीवरचा तिसरा पूल, अर्थात अटल सेतू, जानेवारी २०१९ मध्ये खुला झाला. काणकोणात चार रस्ता ते माशें हा तळपण आणि गालजीबाग नद्या ओलांडणारा बगलमार्ग त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाला. जुवारीवरच्या नव्या पुलाची पहिली बाजू डिसेंबर २०२२ च्या अखेरीस वाहतुकीस मिळाली आणि दुसरी त्यानंतर वर्षभराने. मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमाने उडू लागली.

यंत्रात मोपा विमानतळ हे ठिकाण शोधावे आणि मग मडगावहून कारवारकडे जाणारा मार्ग आखून तो काणकोण बाजारातून जातो की बगलमार्गाने, ते बघावे. जुवारीचा नवा पूल जुन्याला जवळजवळ खेटून असल्यामुळे छोट्या पडद्यावर दोन रेषांतला फरक ओळखणे कठीण जाते, म्हणून तो पुरावा धरू नये. बगलमार्ग दिसतो पण मोपा दिसत नाही, तर त्यातील माहिती साधारण २०२० ते २०२२ या काळातली आहे असे मानायला हरकत नाही. आता लिहून ठेवलेली आवृत्ती काढावी. आवृत्ती २०२५ ची आणि तरीही मोपा गायब, असे आढळले तर ती कंपनी गोव्याचा डेटा वेळेवर घेत नाही हे स्पष्ट होते, आणि अशा कंपनीला जन्मभराचे पैसे आगाऊ देण्यात अर्थ नाही. उलट आवृत्तीच जुनी असेल, तर त्याच मॉडेलची ताजी आवृत्ती बसवलेल्या एखाद्या परिचिताच्या गाडीत हीच तपासणी करावी.

अपडेटने सुधारणार नाही ते वेगळे काढा

यंत्राची प्रत्येक चूक जुन्या नकाशाच्या माथी मारली जाते, पण ते नेहमी बरोबर नसते. एकावर एक किंवा अगदी शेजारी रस्ते असलेल्या ठिकाणी, जसे अटल सेतूच्या जोडरस्त्यांवर, गाडी वर आहे की खाली हे उपग्रहांच्या संदेशांवरून यंत्राला नेमके कळत नाही आणि ते भलतेच वळण सुचवते. नकाशा कालचा असला तरी हे होऊ शकते. रायबंदरहून चोडणला जाताना यंत्र फेरीबोट सुचवतच नसेल, तर सेटिंग्जमध्ये ‘फेरी टाळा’ हा पर्याय सुरू राहिलेला नाही ना, ते आधी बघावे. कार्निव्हल किंवा शिगमोच्या मिरवणुकीसाठी, अथवा रस्त्याच्या कामासाठी वळवलेली वाहतूक वर्षातून एक-दोनदा येणाऱ्या नकाशाला कळणे शक्यच नाही. खेड्यांत तर घराचा पत्ता वाड्याच्या, देवळाच्या किंवा चॅपेलच्या खुणेने सांगितला जातो, आणि तो पत्ता कोणत्याही कंपनीच्या नकाशात सहसा सापडत नाही. फार जुन्या यंत्रात तारीखच चुकीची दिसत असेल, तर कारण निराळे आहे: जीपीएसमधील आठवड्यांची मोजणी १,०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येते, असे ६ एप्रिल २०१९ रोजी घडले, आणि त्यावर उपाय सॉफ्टवेअरचा, नकाशाचा नव्हे.

फोनशी तुलना आणि हिशेब

पणजी ते मडगाव अशी रोजची ये-जा करणाऱ्याला वाटेचा नकाशा लागत नाही, वाहतूक कुठे तुंबली आहे ते हवे असते, आणि त्यासाठी इंटरनेट असलेला फोनच बरा. कोकणात, बेळगावला किंवा कारवारपलीकडे वारंवार जाणाऱ्याचा प्रश्न वेगळा, कारण चोर्ला आणि अनमोड घाटांत मोबाइलचे नेटवर्क मध्येच जाते, तर गाडीतील नकाशाला फक्त उपग्रहांचा संदेश पुरतो. मात्र गूगल मॅप्समध्येही हवा तो भाग आधी उतरवून ठेवता येतो, आणि ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी बनवलेल्या खुल्या नकाशावर आधारलेली ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑस्मअँड ही ॲप नेटवर्कशिवाय विनामूल्य चालतात. फोनची खरी अडचण मे महिन्यात कळते: काचेमागे उन्हात लावलेला फोन तापून मंदावतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या दुरुस्तीने मार्ग पाहण्यापुरता हातातील उपकरणाचा वापर मान्य केला असला, तरी चालकाचे लक्ष विचलित होता कामा नये ही अट त्यातच आहे, त्यामुळे फोनसाठी पक्का स्टँड घ्यावाच लागतो.

हिशेब साधा आहे. समजा, एका अपडेटला २,५०० रुपये आणि लाइफटाइम पॅकेजला ७,००० रुपये पडतात. गाडी आणखी सहा वर्षे ठेवणार असाल आणि दर दोन वर्षांनी नकाशा बदलणे पुरेसे असेल, तर तीन अपडेटचे ७,५०० रुपये होतात. म्हणजे सर्व काही सुरळीत झाले तरी बचत ५०० रुपयांची, आणि मध्येच कंपनीने हात आखडता घेतला तर तोटा. चार वर्षांत गाडी विकण्याचा विचार असेल तर सुट्या अपडेटचे ५,००० रुपयेच होतात. त्यामुळे यंत्र नवे असून वरची तपासणी उत्तीर्ण झालेले असेल, तरच मी पॅकेजची शिफारस करीन. सात-आठ वर्षांच्या यंत्रासाठी फार तर एक अपडेट घ्यावे आणि तेही मोपासारख्या खुणा नव्या आवृत्तीत आहेत याची खात्री करून. यंत्राबरोबर लाइफटाइम अपडेट फुकट मिळत असेल तर अर्थातच घ्यावे. फक्त त्यासाठी यंत्राची किंमत वाढवलेली नाही ना, ते पडताळावे.

घ्यायचे ठरले तर

नव्या नकाशाला जुन्यापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून यंत्राची मोकळी मेमरी आधी तपासावी. ती कमी असेल तर वेगळे मेमरी कार्ड घालता येते का, किंवा केवळ आपल्या भागाचा नकाशा भरता येतो का, हे विक्रेत्याला विचारावे. साठवलेली आवडती ठिकाणे संगणकावर उतरवून घ्यावीत, कारण अपडेटमध्ये ती पुसली जाण्याची शक्यता असते. डाउनलोडला वेळ लागतो, आणि पावसाळ्यात वीज जाण्याचा भरवसा नसल्यामुळे ते काम लॅपटॉपवर, बॅटरी भरलेली असताना करणे श्रेयस्कर. बिलावर नुसते ‘मॅप अपडेट’ असे न लिहिता यंत्राचा अनुक्रमांक, पॅकेजचे पूर्ण नाव आणि पहिल्या अपडेटची आवृत्ती लिहून घ्यावी.