होडीतून पाणपक्षी कसे मोजावेत

परवानगी, लाइफ जॅकेट, दुर्बीण, पाणी, टोपी हे सांगत बसत नाही. एवढंच, की जायकवाडीचा नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तेव्हा वनखात्याचा लेखी कागद खिशात नसेल तर होडी सोडू नका. महिना जानेवारी धरा. आशियाई पाणपक्षी गणनाही तेव्हाच असते आणि उत्तरेकडचे पाहुणे तोवर पोचलेले असतात.

मोटारबोट नको, वल्ह्याची होडी हवी. वल्हवायला गावातलाच भोई घ्या; कुठे जाळं टाकलंय, कुठे पाण्याखाली बाभळीचं खोड आहे, हे त्यालाच ठाऊक. थर्माकोलच्या चप्पूवर, म्हणजे तराफ्यावर, मोजणीला जायची हौस करू नका. रोजचे मच्छीमार जातात, पण डोळ्याला दुर्बीण लावून बसलेल्याला त्यावर तोल सावरत नाही. होडीत तिघंच: वल्हवणारा, मोजणारा, लिहिणारा. उजाडताना निघा, तोंड पश्चिमेला ठेवा, म्हणजे ऊन पाठीवर राहतं.

खरी मेख पुढे आहे. काठावर उभं राहून मोजणाऱ्याला ती कळत नाही, म्हणून त्याचे सल्ले इथे कामाचे नाहीत. होडी पक्ष्यांना पुढे हाकलते.

पहिल्या वर्षी पाणकणसाच्या बेटाजवळ मी वारकऱ्यांचा थवा मोजला, नऊशे. (वारकरी म्हणजे कपाळावर पांढरा टिळा असलेला काळा पाणपक्षी. पैठणच्या पाण्याला याहून शोभणारं नाव नाही.) आम्ही जवळ गेलो तसे ते पाणी तुडवत, फडफडत पळाले आणि पुढे जाऊन बसले. वळणापलीकडे पुन्हा मोजले, आठशे. आणखी पुढे हजार. तिन्ही आकड्यांची बेरीज करून मी खुशीत. परतताना होडी वल्हवणारे मामा वल्हं थांबवून म्हणाले, "ताई, एकच कळप तीनदा दाखवला की मी तुम्हाला!"

तेव्हापासून माझा नियम पक्का आहे. समोरचा पक्षी मोजायचाच नाही. तो तुमच्या खांद्याच्या रेषेतून मागे गेला की धरायचा. मागून उडत येऊन पुढे गेला, तर वजा करायचा. होडीपुढे पळत राहिलेला थवा शेवटचा काठ आल्यावर एकदाच मोजायचा. वरून शिकारी पक्षी गेला आणि सगळं आकाशात उठलं, तर होडी थांबवा, खाली बसू द्या, तेवढा पट्टा खोडून पुन्हा सुरू करा. अंदाजाने भरलेल्या आकड्यापेक्षा रिकामा रकाना बरा.

मोठा थवा एकेक करून मोजू नका. दहा पक्षी नीट मोजा, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यात बसवा आणि तसे ठोकळे थव्यावर ठेवत जा. थवा मधे दाट असतो, कडेला विरळ. कडेच्या दहांवरून ठोकळा बेतलात तर आकडा हमखास कमी येतो. तलवार बदक आणि थापट्या बदक मिसळलेले असतील तर आधी एकूण मोजा, मग एका पट्ट्यात कोण किती ते पाहून वाटणी करा. आणि लिहिणाऱ्याने तोंड बंद ठेवावं. "मला बाराशे वाटतात" एवढं तो बोलला की मोजणाऱ्याची नजर बाराशेकडे सरकलीच.

दुसरी होडी असेल तर मधली पट्टी कुणाची, हे काठावरच ठरवा. रोहित (फ्लेमिंगो) दिसले की लांबच थांबा. फोटोसाठी त्यांना उडवणाऱ्याला पुढच्या वेळी मी होडीत घेत नाही.

वारा वाढला की परत फिरा. लाटांत बुडी मारणारी टिबुकली तशीही दिसत नाही. तक्ता घरी न नेता काठावरच भरा, पेन्सिलने. शाईवर ओला हात फिरला की सातशेचे काय होतात ते मी पाहिलंय.