वर्गात मूकवाचनाची पंधरा मिनिटं कशी बसवायची

१५ ऑक्टोबर ही डॉ. कलामांची जयंती. राज्यभरच्या शाळांत २०१५ पासून तो दिवस वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. आमच्याकडेही त्या दिवशी व्हरांड्यात सतरंज्या पडतात, पुस्तकं कपाटाबाहेर येतात, फोटो काढून वर पाठवले जातात. १६ तारखेला कपाटाला पुन्हा कुलूप. म्हणून पहिला सल्ला असा की मूकवाचनाची, म्हणजे रोज वर्गात आपापलं पुस्तक मनातल्या मनात वाचण्याची, सुरुवात या दिवशी करू नका. जूनचा तिसरा आठवडा बरा. पाऊस लागलेला असतो, पीटीला मैदान नसतं, मुलं वर्गातच सापडतात.

‘घरी वाचत जा’ हे मुंबईत सांगून फार उपयोग होत नाही. माझ्या सहावीतली निम्मी मुलं दहा बाय बाराच्या खोलीत राहतात. तिथे टीव्ही, कुकर आणि धाकटं भावंड एकाच वेळी सुरू असतं. या मुलांना निवांत जागा मिळाली तर ती वर्गातल्या बाकावरच मिळणार. तेव्हा वेळ शाळेच्या वेळातूनच काढायला हवी.

वेळ मागताना

तासिका पस्तीस मिनिटांची. ती सगळी मागितलीत तर मुख्याध्यापक अभ्यासक्रमाकडे बोट दाखवतील, आणि त्यात त्यांचं काही चूक नाही. पंधराच मिनिटं मागा, पण रोजची आणि ठरलेली. मधल्या सुट्टीनंतरचा तास सगळ्यात सोयीचा. मुलं घामाघूम होऊन येतात, अर्धी अजून नळावर असतात, त्या तासाची सुरुवात तशीही वाया जाते. तो तास आपल्याच विषयाचा येईल असं वेळापत्रक जूनमध्येच करून घ्या. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय आणि त्यात गोष्टींची पुस्तकं हवीत असं स्पष्ट म्हटलं आहे. कुणी ‘हे कशात बसतं?’ विचारलं तर तेवढं दाखवा.

ऑफ तासाला वाचन घेऊ नका. बाई नसल्या की पुस्तक, असं समीकरण मुलांच्या डोक्यात एकदा बसलं की पुस्तक म्हणजे वेळ ढकलायचं साधन होऊन जातं.

पहिल्या आठवड्यात फक्त पाच मिनिटं. मुलांनी ‘बाई, अजून थोडं’ म्हटलं की दोन मिनिटं वाढवा. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पंधरा होतात.

पुस्तकं

पटाच्या दुप्पट तरी पुस्तकं हवीत. पंचेचाळीस मुलांना शंभरेक धरा, म्हणजे शेवटच्या बाकावरच्यालाही निवडायला काही उरतं. ती बहुतेक शाळेच्या कपाटातच असतात. अडचण असते डेडस्टॉक रजिस्टरची, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीची. पुस्तक हरवलं तर भरून कोण देणार, या भीतीनं किल्ली हलत नाही. मुख्याध्यापकांशी आधीच बोलून ठेवा की फाटलेली पुस्तकं वर्षअखेरीला निर्लेखनात जातील, म्हणजे नोंदीतून रीतसर कमी होतील, आणि त्याबद्दल कुणाला बोल लागणार नाही.

कमी पडली तर माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत. दिवाळीनंतर महिन्याभरानं ओळखीच्या रद्दीवाल्याला मुलांचे दिवाळी अंक बाजूला ठेवायला सांगा. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी आहेत आणि त्या छापून घ्यायलाही मुभा आहे. पाठपोट छापा, मध्ये दोन पिना मारा, झालं पुस्तक.

जाडजूड चरित्रं मागे ठेवा. सोळा-चोवीस पानांची पातळ पुस्तकं पुढे मांडा. नुसत्या गोष्टी नकोत. साप, क्रिकेट, आगगाड्या, समुद्रातले मासे, विनोदांचं एखादं चोपडंही असू दे. घरी हिंदी किंवा भोजपुरी बोलणारी मुलं आपल्या वर्गात असतातच. त्यांच्यासाठी थोडी हिंदी पुस्तकं ठेवा, लिपी तीच आहे. आणि पावसाळ्यात पुस्तकांचा खोका भिंतीला टेकवून ठेवू नका. माझी अकरा पुस्तकं बुरशीनं गेली आहेत.

कुणी काय वाचायचं

निवड मुलाची. मदत म्हणून पाच बोटांची युक्ती शिकवा. मधलंच एखादं पान उघडायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पान संपायच्या आत मूठ मिटली तर ते पुस्तक तूर्त बाजूला. मराठीत यात एक मेख आहे. देवनागरीत अक्षरं जोडून उच्चार करता येतो, त्यामुळे मूल ‘निर्विकार’ हा शब्द खणखणीत वाचतं आणि अर्थ विचारला की गप्प बसतं. म्हणून उच्चार आला तरी अर्थ कळला नसेल तर बोट मिटायचं, हे मुलांना दोन-तीनदा स्वतः करून दाखवा.

शांतता म्हणजे वाचन नव्हे

इथेच बहुतेकांची फसगत होते. माझीही झाली. पहिल्या वर्षी मी ऐकून होते की शिक्षकानं स्वतःही वाचत बसायचं, मुलं बघून शिकतात. अमेरिकेत १९६०च्या दशकात लायमन हंट या शिक्षणतज्ज्ञांनी ही पद्धत मांडली ती साधारण अशीच. मी खुर्चीत पुस्तक घेऊन बसले. वर्ग चिडीचूप. मला वाटलं, जमलं.

ऑगस्टमध्ये एकदा मान वर केली तेव्हा खिडकीजवळचा मुलगा दिसला. खाली रस्त्यावर बेस्टची बस हॉर्न देत होती, तरी त्याची मान पुस्तकातून हलली नव्हती. पण पानं मात्र एका लयीत उलटत होती, अर्ध्या मिनिटाला एक. डोळे ओळीवरून सरकतच नव्हते. मी त्याच्या बाकावर जाऊन बसले.

“मला वाचून दाखव ना हे. हळू, आपल्या दोघांपुरतं.”

त्यानं ‘मुख्य’ला ‘मुखय’ म्हटलं, ‘सूर्य’ला ‘सूरय’. तिसऱ्या ओळीत थांबला आणि म्हणाला, “बाई, पुढचं मला माहितेय, चित्रावरून.” सहावीतला मुलगा, जोडाक्षर आलं की अडत होता, आणि दोन महिने माझ्यासमोर व्यवस्थित गप्प बसून होता. अशा मुलाबद्दल कुठल्या शिक्षकानं तक्रार केली असती?

२००० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन समितीनं याच ठिकाणी बोट ठेवलं होतं. मुलांना फारसं मार्गदर्शन न करता नुसतं गप्प वाचू दिलं की वाचन सुधारतंच, असं म्हणायला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. मला यातून मूकवाचन बंद करावं असं वाटत नाही. खुर्चीतून उठावं एवढंच वाटतं.

तर, पहिले दोन आठवडे तुम्हीही वाचा, मुलांना ते दिसू दे. त्यानंतर रोज दोन मुलांशेजारी तीन-तीन मिनिटं बसा. पंचेचाळीसचा पट महिन्याभरात एकदा पुरा होतो. कुजबुजत एक परिच्छेद वाचून घ्या, ‘यात काय चाललंय?’ विचारा, अडलेली जोडाक्षरं छोट्या वहीत टिपून ठेवा. वही मुलांसमोर मिरवू नका आणि आकारिक मूल्यमापनाला, म्हणजे वर्षभराच्या गुणांना, जोडू तर मुळीच नका. ज्यांचे ओठ हलतात त्यांना ‘तोंड बंद’ म्हणून दटावू नका. मनातल्या मनात वाचण्याआधी पुटपुटणं येतंच.

त्या मुलाला मी जोडाक्षरं कमी असलेली पुस्तकं दिली. तो ढिम्म. लहान मुलांची पुस्तकं सगळ्यांसमोर कोण धरणार? शेवटी आगगाड्यांवरचं एक पातळ पुस्तक त्यानं आपण होऊन उचललं, जोडाक्षरांनी खच्चून भरलेलं. बोरीबंदर ते ठाणे, १६ एप्रिल १८५३, हे पान त्यानं चार दिवस वाचलं. पाच बोटांची युक्ती तिथे मी विसरले.

नंतर

सारांश नको, प्रश्नोत्तरं नकोत, ‘तात्पर्य लिहा’ तर अजिबात नको. शुक्रवारी पाच मिनिटं कुणाला सांगावंसं वाटलं तर सांगू दे. वाचनाची वेळ संपायच्या मिनिटभर आधी ‘वाक्य पुरं करा’ एवढंच म्हणा आणि खूण घालायला कागदाच्या पट्ट्या ठेवा, नाहीतर पानं दुमडली जातात.

एप्रिलमध्ये खोका रिकामा करून दोन ढीग करा, कोऱ्यासारख्या राहिलेल्या पुस्तकांचा आणि फाटलेल्यांचा. कोरी पुस्तकं दुसऱ्या वर्गाला द्या. फाटलेल्यांची नावं लिहून ठेवा, जूनमध्ये खरेदी त्या यादीवरून. माझ्या फाटक्या ढिगात या वर्षी आगगाड्यांचं पुस्तक आहे. मधली दोन पानं गेली आहेत. ती कुणाकडे आहेत ते मला माहीत आहे, रजिस्टरात मात्र मी ‘जीर्ण’ असं लिहिलं.